स्वतःच्या सर्व्हरसाठी प्लॅटफॉर्म कसा निवडावा? प्रोग्रामर नसलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील रावपुरा, दांडिया बाजार आणि कारेलीबाग या भागांतील परिचित मंडळींनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. मी लेखापाल म्हणून नोकरी केली. संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही आणि प्रोग्रामची एक ओळही मला लिहिता येत नाही. तरीही आमच्या घरातील फोटो, कागदपत्रे आणि पासवर्ड आज आमच्या स्वतःच्या सर्व्हरवर, म्हणजे घरातच सतत चालू असलेल्या एका संगणकावर, आहेत, आणि तो चालवताना ज्या चुका झाल्या त्यांतूनच पुढील बरीचशी उत्तरे आली आहेत.

सेल्फ-होस्टिंग म्हणजे काय, आणि त्यात प्लॅटफॉर्म कशाला म्हणतात?

गूगल फोटोज वापरताना आपले फोटो कंपनीच्या संगणकावर असतात आणि ते दाखवणारा प्रोग्रामही तिथेच चालतो. त्याच कामाचा प्रोग्राम आपण आपल्या ताब्यातल्या संगणकावर चालवला, की त्याला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. फोटोंसाठी इमिच, फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड, चित्रपट आणि गाण्यांसाठी जेलीफिन, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन, कागदपत्रांसाठी पेपरलेस-एनजीएक्स ही त्यातली नेहमीची नावे आहेत. हे प्रोग्राम एकेक करून हाताने बसवायचे, तर लिनक्स या संगणक-प्रणालीच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. प्लॅटफॉर्म ते काम आपल्या वतीने करतो आणि आपल्याला ब्राउझरमध्ये फक्त बटणे दाखवतो. बडोद्याच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर राज्य आपले आणि दिवाण तो. म्हणूनच दिवाण पारखून नेमावा लागतो.

मला प्रोग्रामिंग येत नाही. हे जमेल का?

बसवणे जमेल. इंग्रजीतील सूचना सावकाश वाचणे, प्रत्येक पायरी वहीत लिहून ठेवणे आणि काही बिघडले तर घाईने पाच गोष्टी एकदम न बदलणे, एवढ्या सवयी पुरेशा आहेत. खरा प्रश्न बसवल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाचा असतो, आणि प्लॅटफॉर्मची निवड त्या वर्षाचा विचार करूनच करायला हवी.

मुळात हे करावेच का?

सर्वांनी करू नये. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंसाठीची अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि तेव्हापासून फोटो, मेल व ड्राइव्ह मिळून १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जाऊ लागले. बहुतेक लोक माझ्याकडे ही मर्यादा संपल्यावरच येतात. त्यांची गरज केवळ थोड्या जास्त जागेची असेल, तर मी त्यांना जागा विकत घ्यायला सांगतो, कारण स्वतःचा सर्व्हर हा पहिल्या वर्षी त्याहून स्वस्त पडत नाही. ज्यांच्याकडे फोटो व व्हिडिओ शेकडो जीबी आहेत, ज्यांना घरचे कागद परक्या कंपनीकडे ठेवणे नको आहे, किंवा ज्यांना या कामाची मनापासून आवड आहे, त्यांनी पुढे वाचावे.

प्लॅटफॉर्म निवडताना सर्वांत आधी काय पाहावे?

अ‍ॅपच्या दुकानात किती अ‍ॅप आहेत हे सर्वांत शेवटी पाहावे. एखाद्याकडे तीनशे आहेत आणि दुसऱ्याकडे शंभर, याने घरात काही फरक पडत नाही, कारण कुटुंब प्रत्यक्षात चार किंवा पाच अ‍ॅप वापरते. सर्वांत आधी हे पाहावे की संगणक जळाला, बुडाला किंवा चोरीला गेला, तर दुसऱ्या रिकाम्या संगणकावर सगळे पुन्हा उभे करायला त्या प्लॅटफॉर्मने कोणती वाट ठेवली आहे आणि ती वाट आपल्यासारख्या माणसाला एकट्याने चालता येते का.

हे मी अनुभवाने शिकलो. आमचा पहिला सर्व्हर हाताच्या पंजाएवढ्या बोर्डावर होता. प्लॅटफॉर्म मेमरी कार्डावर आणि फोटो वेगळ्या हार्डडिस्कवर. फोटोंची दुसरी प्रत मी दर आठवड्याला काढत असे आणि त्यामुळे निश्चिंत होतो. एका मे महिन्यात, भर दुपारी, मेमरी कार्ड गेले. फोटो एकूण एक वाचले. परंतु अल्बम, चेहऱ्यांना दिलेली नावे आणि कोणत्या फोटोत कोण आहे याच्या नोंदी अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये होत्या आणि डेटाबेस कार्डावर होता. सौभाग्यवतींनी सहा महिने बसून लावलेले अल्बम गेले. त्यांनी तेव्हा फारसे बोलणे टाळले, आणि ते अधिक लागले.

तेव्हापासून माझी एक परीक्षा ठरलेली आहे. खरी माहिती घालण्यापूर्वी नव्या प्लॅटफॉर्मवर एक अ‍ॅप बसवावे, त्यात दहा फोटो टाकून एक अल्बम करावा, बॅकअप घ्यावा, मग अ‍ॅप पूर्णपणे काढून टाकावे आणि बॅकअपवरून परत आणावे. अल्बम जसाच्या तसा दिसला तरच प्लॅटफॉर्म पास. या परीक्षेला एक तास लागतो, आणि देखण्या पडद्याचे दोन उमेदवार माझ्यापुरते इथेच बाद झाले आहेत.

सध्या कोणते प्लॅटफॉर्म विचारात घेण्यासारखे आहेत?

युनोहोस्ट हा डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर उभा असलेला, स्वयंसेवकांनी चालवलेला आणि पूर्णपणे मुक्त परवान्याचा (ज्याचा प्रोग्राम कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो असा) प्रकल्प आहे. घरातील प्रत्येकाला एक खाते देता येते आणि ज्या अ‍ॅपना ती सोय पेलते त्या सर्वांत त्याच खात्याने प्रवेश मिळतो. सासूबाईंना पाच पासवर्ड पाठ करावे लागत नाहीत, हा लाभ लहान नाही. स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचे नाव, नसेल तर तो मोफत उपडोमेनही देतो आणि लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे सुरक्षित जोडणीसाठीचे प्रमाणपत्र बसवून देतो. बॅकअप आणि पुनर्स्थापना त्यातच आहेत, मात्र ती प्रत मूळ त्याच यंत्रावर पडते. ती बाहेर नेण्यासाठी बोर्ग किंवा रेस्टिक हे वेगळे अ‍ॅप बसवावे लागते, आणि नवखे लोक नेमके तेच विसरतात. त्यातील बहुतेक अ‍ॅप डॉकर या साधनाच्या एकमेकांपासून वेगळ्या बंद डब्यांत न ठेवता थेट मूळ प्रणालीवर बसवलेली असतात, त्यामुळे तो कमी ताकदीच्या यंत्रावरही चालतो. पण डेबियनची मोठी आवृत्ती बदलते तेव्हा स्थलांतराचा एक दिवस काढावा लागतो.

क्लाउड्रॉन हा माझ्या परीक्षेत सर्वांत चांगल्या गुणांनी उतरला. तो कोऱ्या उबुंटू (हाही लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर बसतो, स्वतःचे डोमेन मागतो, ठरलेल्या वेळी बाहेरच्या जागी बॅकअप पाठवतो, अ‍ॅप अद्ययावत करण्यापूर्वी त्याची प्रत काढतो आणि संपूर्ण सर्व्हर नव्या यंत्रावर उभा करण्याची वाट अगदी स्पष्ट देतो. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते: मोफत योजनेत दोनच अ‍ॅप मिळतात, त्यापुढे वर्गणी भरावी लागते, आणि मूळ प्लॅटफॉर्म मुक्त परवान्याचा नाही. ज्यांना फक्त फोटो आणि कागदपत्रे ठेवायची आहेत, त्यांच्यासाठी दोन अ‍ॅप ही संख्या पुरेशी आहे, हे मात्र लक्षात घ्यावे.

अंब्रेल २०२० मध्ये बिटकॉइनचा नोड, म्हणजे त्याचे व्यवहार तपासणारा संगणक, घरी चालवता यावा म्हणून सुरू झाला आणि पुढे घरगुती सर्व्हर झाला. दिसायला तो सर्वांत देखणा आहे आणि बसवायलाही सोपा. त्याचा स्रोत सर्वांना पाहता येतो, परंतु परवाना व्यापारी वापराला मनाई करतो. घरासाठी याने अडत नाही, दुकानासाठी अडते. बॅकअपची सोय त्यात उशिरा आली, म्हणून जुनी आवृत्ती चालवणाऱ्यांनी आधी ती अद्ययावत करावी.

कासाओएस हा डेबियन किंवा उबुंटूवर एका आज्ञेने बसतो. अ‍ॅपच्या मांडणीत बदल करण्याचे रकाने तो पडद्यावरच देतो, ज्याचा उपयोग पुढे मराठी कागदांच्या प्रश्नात दिसेल. त्याच्याकडून परिपूर्ण बॅकअपची अपेक्षा ठेवू नये. ती व्यवस्था आपण बाहेरून लावायची असते. त्याच कंपनीने आता झिमाओएस या स्वतंत्र प्रणालीवर भर दिलेला दिसतो, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्याने दोन्हींचा विचार करावा.

कूलिफाय आणि कॅपरोव्हर यांची नावेही कानावर येतात. ती चांगली साधने आहेत, पण स्वतः लिहिलेले प्रोग्राम प्रसिद्ध करणाऱ्यांसाठी घडवलेली. प्रोग्रामर भाच्याच्या सांगण्यावरून ती निवडू नयेत. भाचा पुण्याला किंवा परदेशी गेला, की फोन आपल्यालाच करावे लागतात.

तयार पेटी, म्हणजे नॅस, विकत घेतली तर?

नॅस म्हणजे डिस्क बसवून घरच्या जाळ्याला जोडायची साठवण पेटी; सिनॉलॉजीसारख्या कंपन्यांच्या अशा पेट्या खरोखर सोप्या असतात आणि ज्यांना विचार करायचाच नाही त्यांना मी त्याच सुचवतो. दोन गोष्टी माहीत असाव्यात. पेटीतल्या दोन डिस्कवर एकच माहिती उमटवणारी व्यवस्था ही एक डिस्क बिघडल्यास काम न थांबण्यासाठी असते. चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकाच क्षणी पुसली जाते, म्हणून तिला बॅकअप समजू नये. दुसरे म्हणजे पेटीचे नियम कंपनी बदलू शकते: सिनॉलॉजीने २०२५ मध्ये आपल्या काही नव्या पेट्यांत स्वतःच्या किंवा प्रमाणित डिस्कची अट घातली होती आणि टीका झाल्यावर त्याच वर्षी ती बऱ्याच अंशी सैल केली.

संगणक कोणता घ्यावा? वीजबिल किती येईल?

कचेऱ्यांतून निघालेले जुने मिनी पीसी, किंवा इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचे नवे लहान यंत्र, या कामाला उत्तम. रॅम ८ जीबीपेक्षा कमी नसावी. फोटोंतील चेहरे ओळखणाऱ्या इमिचला ती लागते. प्रणाली मेमरी कार्डावर कदापि ठेवू नये, एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या जलद डिस्कवर, ठेवावी.

विजेचा हिशेब सोपा आहे. सरासरी १० वॅट घेणारे यंत्र वर्षभर अखंड चालले, तर सुमारे ८८ युनिट होतात. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप ६० वॅट घेत असेल, तर तेच ५२५ युनिट. युनिटला ८ रुपये धरले, तर पहिल्याचे वर्षाचे ७०० रुपये आणि दुसऱ्याचे ४,२०० रुपये होतात. फुकटचा डेस्कटॉप फुकट नसतो, हे लेखापालाने वेगळे सांगायला नको.

घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र जोडले असेल, तर इन्व्हर्टर यूपीएस मोडवर आहे याची खात्री करावी. साध्या मोडमध्ये वीज जाताना होणारा क्षणभराचा खंड संगणक बंद पाडू शकतो. राउटरही त्याच जोडणीवर हवा. शिवाय यंत्राच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना उघडणाऱ्या मूळ मांडणीत, वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करून ठेवावा, नाहीतर गावाला गेल्यावर शेजाऱ्यांना किल्ली देऊन बटण दाबायला सांगावे लागते.

घरी ठेवावा की एखाद्या कंपनीकडचा भाड्याचा सर्व्हर घ्यावा?

फोटो आणि चित्रपट असतील तर घरी, कारण भाड्याच्या सर्व्हरवर जागा महाग पडते. संस्थेचे संकेतस्थळ किंवा सर्वांना कायम दिसणारे काही असेल तर भाड्याने. एक इशारा मात्र आवश्यक आहे: कासाओएस आणि अंब्रेल हे घराच्या भिंतींआड चालवण्यासाठी केलेले आहेत; त्यांचे नियंत्रणाचे पान उघड्या इंटरनेटवर ठेवू नये. भाड्याच्या सर्व्हरसाठी क्लाउड्रॉन किंवा युनोहोस्ट निवडावा.

घरी सर्व चालते, पण बाहेर गेल्यावर काहीच उघडत नाही. असे का?

बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीने तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेला नसतो. अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड बसवलेले असतात. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्याचा दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर हेच कारण आहे. अशा वेळी राउटरमध्ये कितीही दारे (पोर्ट) उघडली तरी बाहेरचा माणूस आत पोचत नाही. माझा एक पूर्ण आठवडा या दारांत गेला.

उपाय तीन आहेत. टेलस्केल हे अ‍ॅप सर्व्हरवर आणि घरच्यांच्या प्रत्येक फोनवर बसवले, की राउटरला हात न लावता सर्व यंत्रे एका खासगी जाळ्यात येतात. कुटुंबापुरता वापर असेल तर मी हेच सुचवतो, कारण सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसतच नाही. क्लाउडफ्लेअर टनेलने फोनवर काही न बसवताही बाहेरून पोचता येते, पण मोफत योजनेत एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठी फाइल चढवता येत नाही आणि लग्नाचा एखादा व्हिडिओ तिथेच अडतो. तिसरा उपाय म्हणजे कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घेणे. तो घेतला तर पुढची सुरक्षिततेची जबाबदारीही घेतली असे समजावे.

पासवर्डचे व्हॉल्टवॉर्डन हे सुरक्षित जोडणीशिवाय ब्राउझरमध्ये चालतच नाही, म्हणून प्रमाणपत्राची सोय प्लॅटफॉर्म स्वतः करतो की नाही, हे निवडीच्या वेळीच पाहून घ्यावे.

बडोद्यात पूर येतो. बॅकअप कुठे ठेवावा?

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेकांच्या तळमजल्यावरचे सर्व सामान गेले. ज्यांनी सर्व्हर दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या कपाटाखाली आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटाच्या खणात ठेवली असेल, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात जातात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर, हा जो सर्वत्र सांगितला जाणारा नियम आहे, त्यातले शेवटचे कलम आपल्या शहरात सर्वांत मोलाचे आहे.

आमची व्यवस्था अशी आहे. सर्व्हर वरच्या मजल्यावर, भिंतीवरच्या फळीवर आहे. रोज रात्री एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते. दोन डिस्क आहेत आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी एक डिस्क मेव्हण्यांच्या तिसऱ्या मजल्यावरील घरी जाते व तिथली परत येते. दोन्ही डिस्क कूटबद्ध, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणाऱ्या, आहेत, कारण मेव्हण्यांवर विश्वास असला तरी त्यांच्या घरी येणाऱ्या सर्वांना आम्ही ओळखत नाही. पुणे किंवा नाशिक येथे मुलेबाळे असणाऱ्यांनी तिकडे एक लहान यंत्र ठेवून इंटरनेटवरून प्रत पाठवावी. पहिली प्रत मात्र डिस्कवर भरूनच न्यावी, नाहीतर शेकडो जीबी चढवताना आठवडे जातात.

फळी निवडताना उन्हाळाही लक्षात असू द्यावा. गच्चीखालच्या बंद माळ्यावर मे महिन्यात डिस्क ठेवणे म्हणजे पुरातून काढून भट्टीत घालणे आहे.

आमचे कागद मराठी आणि गुजराती दोन्हींत आहेत. ते शोधता येतील का?

येतील, आणि बडोद्याच्या घरासाठी सेल्फ-होस्टिंगचा हा मला सर्वांत आवडणारा उपयोग आहे. घराचा दस्त गुजरातीत, आजोबांच्या गावच्या शेतीचे उतारे मराठीत आणि बँकेचे कागद इंग्रजीत, अशी आपली तिहेरी फाइल असते. पेपरलेस-एनजीएक्स स्कॅन केलेल्या कागदातील अक्षरे टेसरॅक्ट या साधनाने वाचतो आणि टेसरॅक्टला मराठी व गुजराती दोन्ही वाचता येतात. अडचण एवढीच, की या भाषा त्यात आधीपासून बसवलेल्या नसतात. अ‍ॅपच्या मांडणीत त्यांची नावे घालावी लागतात. म्हणून प्लॅटफॉर्म पारखताना हाही एक प्रश्न विचारावा: अ‍ॅपच्या मांडणीतील असा एखादा रकाना मला पडद्यावरून बदलता येतो का, की त्यासाठी पुन्हा काळ्या पडद्याकडे जावे लागते?

छापील कागद चांगले वाचले जातात, हस्ताक्षर जवळजवळ नाही. संस्थानकाळातील मोडी कागद स्कॅन करून जरूर ठेवावेत, पण टेसरॅक्टकडे मोडी लिपी नाही. त्यांना शीर्षक आणि तारीख हाताने द्यावी लागते.

स्वतःचा ईमेलही चालवावा का?

नाही. घरगुती जोडणीवरून पाठवलेली पत्रे मोठ्या कंपन्या बहुधा स्पॅममध्ये टाकतात किंवा नाकारतात, आणि पत्र पोचले नाही हे आपल्याला कळतही नाही. युनोहोस्ट व क्लाउड्रॉन यांच्यात मेलची सोय आहे, तरीही हा उद्योग नवख्याचा नव्हे.

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या सभासदांची यादी त्यावर ठेवली तर चालेल का?

घरगुती कारणासाठी व्यक्तीने स्वतः ठेवलेली माहिती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून वगळलेली आहे, पण मंडळाची यादी हे घरगुती कारण नव्हे. सभासदांची संमती, माहिती कशासाठी घेतली याची नोंद आणि ती कोण पाहू शकतो यावर नियंत्रण, हे सर्व आले. मंडळासाठी मी घरच्या सर्व्हरची शिफारस करत नाही. कार्यकारिणी बदलते आणि सर्व्हर माजी चिटणीसांच्या घरी राहतो.

अद्ययावत करणे आपोआप होऊ द्यावे का?

मूळ प्रणालीची सुरक्षा अद्यतने आपोआप होऊ द्यावीत. अ‍ॅपच्या बाबतीत प्लॅटफॉर्म आधी प्रत काढत असेल तरच आपोआप. अन्यथा महिन्यातून एक ठरलेला दिवस ठेवून, आधी बॅकअप घेऊन, हाताने करावे. इमिचची २.० ही स्थिर म्हणून जाहीर झालेली आवृत्ती २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आली; त्यापूर्वी त्याच्या अद्यतनांत मोडतोड करणारे बदल अधूनमधून येत असत आणि सूचना न वाचता बटण दाबणाऱ्यांची रात्र जात असे. दिवाळीच्या आदल्या दिवशी, पाहुणे फोटो पाहायला बसणार असताना, काहीही अद्ययावत करू नये.

माझ्या पश्चात घरचे हे कसे चालवतील?

बहुधा चालवणार नाहीत, आणि निवड करतानाच हे मान्य करावे. त्यांना चालवता येण्यापेक्षा त्यांना त्यातून सर्व काही बाहेर काढता येणे महत्त्वाचे. म्हणून फोटो नेहमीच्या फाइलींच्या रूपात, वर्ष व महिन्याच्या फोल्डरांत राहतील अशी मांडणी करावी. इमिचमध्ये ही मांडणी निवडावी लागते, ती आपोआप मिळत नाही. दर दिवाळीनंतर मी एक वेगळी डिस्क काढतो, जी कूटबद्ध नसते आणि कोणत्याही लॅपटॉपला जोडताच उघडते; ती बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांच्या डब्याशेजारी असते. सोबत एक हाताने लिहिलेले पान आहे: यंत्र कुठे आहे, मुख्य पासवर्ड कोणता, डोमेनचे पैसे कोणत्या महिन्यात भरायचे, आणि काहीच समजले नाही तर कोणती वायर काढून सर्व बंद करायचे. ते पान मी मराठीत लिहिले आहे. सुनेने ते एकदा वाचून पाहिले आणि तिला तिसरी ओळ समजली नाही, म्हणून ती ओळ पुन्हा लिहिली.